मार्ताचा ओंडका

मार्ता नऊ वर्षांनी घरात पाऊल टाकते म्हटल्यावर आर्वोने काय करावं? त्याने भिंतीवरची रायफल काढली.

म्हणजे भलतंसलतं काही नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा नोव्हेंबर होता, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. आमच्या या फिनिश लाकूडतोड्यांच्या मुलखात त्या दिवशी शाळा बंद, लाकडाच्या वखारी बंद, आणि कोणी मेलंच तर त्याला पुरायला सोळा तारीख उजाडावी लागते. तेव्हा आदल्या दुपारी माणूस रायफल घेऊन बसला यात नवल नव्हतं. पण ती ज्या घाईने त्याने काढली, ते बघून त्याची बायको वर्ना मनात म्हणाली, पळाला.

आर्वो निस्काला अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी अवघड वेळ आली की त्याच्या हातांना काम लागायचं. धाकटी बहीण ग्रीन बेहून दोनशे मैल गाडी हाकत एकच्या सुमाराला आली. "कसा आहेस?" म्हणाली. "बरा आहे. रस्त्यात बर्फ होता का?" "थोडा." एवढ्यात दोघांचं बोलणं आटपलं. मग मार्ता खिडकीशी खुर्चीवर कॉफी घेऊन बसली आणि आर्वोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला.

"माझ्या टेबलावर?" वर्ना म्हणाली. "मला पेस्टीचं पीठ लाटायचंय."

"अर्धा तास."

"तुझा अर्धा तास मला माहितीये. मागे तुझ्या अर्ध्या तासात ट्रकचं कार्बुरेटर इथे तीन दिवस नांदलं."

"अगं, नुसता दस्ता काढायचाय. दोन स्क्रू आणि एक बोल्ट."

रायफल त्यांच्या वडिलांची, याल्मारीची. साधी, एका वेळी एकच गोळी घेणारी, नळी मोडून उघडायची. आर्वोने ती उघडली, आत डोळा घातला, मग करंगळी घालून चाचपलं. रिकामी. डोळा फसतो, बोट फसत नाही, असं म्हातारा म्हणायचा. आर्वोची स्वतःची रायफल या वर्षी मुलगा अलास्काला घेऊन गेला होता, म्हणून हिला भिंतीवरून उतरवायची वेळ आली. पण हिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता म्हणजे नुसती कटकट. आर्वोसारख्या धिप्पाड माणसाला तो आखूड पडायचा, अंगठा नाकावर आपटायचा. शिवाय गाल टेकवायचा उंचवटा भलत्याच अंगाला, दस्त्याच्या उजव्या बाजूला. उजव्या खांद्यावर रायफल धरणाऱ्याचा गाल डाव्या बाजूला येतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हा दस्ता याल्मारीने स्वतः कोरला होता, अख्खा एक हिवाळा घालवून, अक्रोडाच्या फळीतून.

"तेव्हाच आपल्या ध्यानात यायला हवं होतं," आर्वो कोणाला उद्देशून नव्हे असं म्हणाला. "डोकं चालेनासं झालं होतं त्यांचं. मी तोंडावर सांगितलं, बाबा, चुकीच्या बाजूला कोरताय. तर म्हणतात, 'चुकीच्या नाही.' आणि तासताहेत आपले. मार्चमध्ये झटका आला."

मार्ताने कॉफीचा घोट घेतला.

शहरातल्या दुकानातून आर्वोने नवा दस्ता आणला होता. कारखान्यातला, पॉलिश केलेला, तपकिरी कागदात गुंडाळलेला. जुन्याच्या टोकाला लोखंडी पट्टी होती. तिचे दोन्ही स्क्रू त्याने काढले, पट्टी उचलली. खाली कोरं लाकूड आणि मधोमध बोल्टाचं खोल भोक. भोकाशेजारी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं.

"व्ही. पुढे सव्वातेरा," आर्वोने चष्मा वर करून वाचलं. "व्ही म्हणजे पाच. रोमन पाच. पाच, सव्वातेरा. पाच काय?"

"पाच वाजता जेवायला वाढणार आहे मी," वर्ना म्हणाली. "टेबल मिळालं तर. जुन्याचं काय करणारेस?"

"काय करायचंय? आज शनिवार. संध्याकाळी वाफेच्या अंघोळीला सौना पेटवायचीच आहे, घालू भट्टीत. अक्रोड छान जळतं."

वडिलांचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर त्याने भोकात सोडला. टोक बोल्टाच्या खाचेत बसल्याचा टक् आवाज आला. त्याने जोर लावला, पण बोल्ट हलेना. आर्वोच्या बोटांची पेरं गेल्या दोन वर्षांत सुजून आखडली होती. पुन्हा जोर लावला, चेहरा लाल झाला. बहीण बघतेय हे त्याला मान वर न करताही कळत होतं.

ती असं गप्प का बसलीय, त्याच्या मनात आलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला काहीतरी उत्तर तरी देता येतं.

*

वर्नाला माहीत होतं मार्ता का आली ते, कारण तिला तिनेच बोलावलं होतं. नवऱ्याला न विचारता, त्याच्या काकाच्या घरून फोन करून. काका म्हणजे ओन्नी. याल्मारीचा धाकटा भाऊ, चौऱ्याऐंशी वर्षांचा, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. दोघांनी मिळून हा कट रचला होता. नव्वदीच्या आत हे दोघं बोलायला हवेत, असं ओन्नीचं म्हणणं होतं. नव्वदी म्हणजे त्याची स्वतःची.

"पण एक लक्षात ठेवा," वर्नाने त्याला बजावलं होतं. "ओंडका हा शब्द काढायचा नाही."

"मी कशाला काढू? मी काय वेडा आहे?"

दोनच्या सुमाराला तो आला. दारात बूट झटकले, टोपी काढली, मार्ताचा हात दोन्ही हातांत धरून जरा जास्तच वेळ हलवला. मग टेबलाच्या टोकाशी बसला. वर्नाने कॉफी दिली. त्याने साखरेचा खडा दातात धरला, कॉफी बशीत ओतली आणि खड्यातून सुर्र करून ओढली. बरं वाटलं वर्नाला. सगळं सुरळीत चाललंय असं वाटलं. तिने टेबलाचा मोकळा कोपरा पकडून पेस्टीसाठी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजायच्या मोठ्या करंज्यांसाठी, कणीक मळायला घेतली.

"सलगम घालणारेस का गं पेस्टीत?" ओन्नीने विचारलं.

"माझी आजी कॉर्नवॉलची होती, पेस्टी मुळात तिथलीच. सलगम घालणारच."

"फिनिश माणसं गाजर घालतात."

"म्हणून त्यांच्या पेस्टी गोड लागतात आणि माणसं तिखट."

मार्ता हसली. आल्यापासून पहिल्यांदा. वर्नाला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. आणि नेमकं तेव्हाच ओन्नी, सगळं छान चाललंय म्हणून खुशीत येऊन, खडा गालात सरकवून म्हणाला, "मार्ता, तुझा तो ओंडका अजून आहे का गं?"

वर्नाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"आई गं! काय झालं? विचारलं फक्त. एवढं चांगलं पाइनचं लाकूड, अठरा फुटी..."

"काका," वर्ना म्हणाली.

"आहे," मार्ता म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि वर्नाला तोच आवडला नाही. "मागच्या अंगणात आहे. पहिल्या वर्षी नगरपालिकेने दोन नोटिसा दिल्या. मग मी आठ माणसं बोलावली आणि मागे ढकलला. आता त्यावर बुरशी येते. दर पावसात नव्या जातीची."

आर्वोने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मार्ता, हे बघ..."

"नऊ वर्षं झाली आर्वो. मी काही बोलले का?"

"तेच ना! काहीच बोलली नाहीस. दार उघडलंस, ओंडका बघितलास, माझ्याकडे बघितलंस आणि दार लावून घेतलंस. मी पहाटे चारला उठून, ट्रक मागून आणून..."

"रविवारी! चर्चमधून माणसं परत येत होती! सगळी गल्ली उभी राहून बघत होती. भाड्याच्या घरासमोर अठरा फुटांचा ओंडका, आणि माझा भाऊ हातमोजे झटकत सांगतोय, 'बाबांनी तुला ठेवलाय.'"

"मग त्यांनीच लिहिलं होतं तसं!"

"घर तुला. चाळीस एकर जंगल तुला. मला ओंडका."

वर्ना कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिली. एरवी भांडणात ती नवऱ्याची बाजू घ्यायची, निदान बाहेरच्यांसमोर तरी. पण ओंडक्याच्या बाबतीत तिला कधीच ते जमलं नव्हतं. त्या पहाटे आर्वो निघाला तेव्हा तिने विचारलं होतं, 'फोन तरी कर आधी तिला.' आणि तो म्हणाला होता, 'बापाची शेवटची इच्छा फोनवर कशी सांगायची?'

"मी म्हटलं होतं याला, आधी फोन कर," ती आता म्हणाली.

"तूसुद्धा?" आर्वोने वळून पाहिलं.

"हो, मीसुद्धा. नऊ वर्षं गिळून बसलेय."

*

मार्ताला घर नको होतं. जंगलही नको होतं. ग्रीन बेमध्ये तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, वर दोन खोल्या होत्या, तिचं चांगलं चाललं होतं. तिला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती सांगणारा माणूस मरून गेला होता. आपल्या बापाने मरताना आपली काय किंमत केली? चेष्टा केली का? का शेवटी शेवटी त्याला आपली आठवणच राहिली नव्हती आणि डोळ्यांसमोर अंगणातलं लाकूड दिसलं, म्हणून ते लिहून टाकलं? वर्नाचा फोन आला तेव्हा ती एवढ्याचसाठी निघाली होती. घर बघावं, आणि हा विषय मनातून एकदाचा काढून टाकावा. निघेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि आता तर निघणार नाही अशी खात्रीच झाली.

ती उठली. आर्वो पुन्हा स्क्रूड्रायव्हरला भिडला होता. पाठ वाकवून, दात आवळून, चुकीच्या कोनात.

"सरक," ती म्हणाली.

"जमतंय मला."

"काही जमत नाहीये. तिरका धरलायस. खाच खाऊन टाकशील. सरक बाजूला."

तो सरकला. तिने दस्ता गुडघ्यांत धरला, नळी टॉवेलवर टेकवली, स्क्रूड्रायव्हर सरळ उभा केला आणि डाव्या हाताने मूठ आवळली. मार्ता डावखुरी. कात्री डाव्या हाताची, मशिनचं चाक डाव्या हाताने. फक्त एकदाच कोणीतरी तिला उजव्या हाताने काम करायला लावलं होतं, ते इथल्याच खडीच्या खाणीत, ती चौदा वर्षांची असताना.

त्या दिवशी याल्मारी तिला घेऊन गेला होता. ओन्नी काका होता, आणखी दोघं होते, आर्वो होता. हीच रायफल. तिने ती डाव्या खांद्याला लावली तर याल्मारी म्हणाला, 'अशी नाही,' आणि उजव्या खांद्यावर नेऊन ठेवली. पाच गोळ्या. पाचही नेमासाठी ठेवलेल्या डब्याच्या बाजूने गेल्या. मिटायचा तो डोळा उघडा राहत होता आणि उघडा ठेवायचा तो मिटत होता. चौथ्या गोळीला पुरुष हसायला लागले. पाचव्या गोळीनंतर बापाने तिच्या हातातून रायफल काढून घेतली आणि आर्वोकडे दिली. परत कधी बोलावलं नाही, तिनेही कधी विचारलं नाही.

बोल्ट किरकिरला. तिने आणखी जोर दिला आणि तो एकदम सैल झाला. मग पंधरा-वीस फेरे सहज फिरले. स्क्रूड्रायव्हर काढून तिने दस्ता तिरका केला. लांबलचक बोल्ट घसरत तळहातावर आला.

"आता सरळ मागे ओढ," आर्वो म्हणाला. "पिळू नकोस."

"माहितीये."

पण दस्ता निघेना. याल्मारीने तो लोखंडाला इतका घट्ट बसवला होता की मध्ये कागदसुद्धा गेला नसता. मार्ताने तळव्याने खालून दोन थापा मारल्या. तिसऱ्या थापेला 'पक्' आवाज झाला आणि दस्ता सुटून तिच्या हातात आला.

हातात आला आणि ती थांबली. वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका होता. मुठीत धरायचा भाग बारीक, पुरुषी हाताच्या मानाने फारच बारीक. तिची मूठ त्याभोवती पुरती बसत होती.

"दे इकडे," आर्वो म्हणाला. "भट्टीच्या लाकडांत टाकतो."

"टाक ना. याला तरी कशाला ठेवतोस?" तिचा आवाज चढला. "ओंडका मला, हा भट्टीला. असली वाटणी तुला छान जमते. अजून डोळ्यांसमोर आहे तो कॅलेंडरचा कागद. वाकडेतिकडे दोनच शब्द. 'तुक्की मार्ताल्ले.' अख्ख्या जन्मात बापाने मला लिहिलेले दोनच शब्द!"

ओन्नीच्या हातातली बशी खाली आली. कॉफी टेबलक्लॉथवर सांडली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही काका."

"काही नाही कसं? आत्ता जे म्हणालीस ते परत म्हण."

"'तुक्की मार्ताल्ले.' ओंडका मार्ताला. झटका आल्यावर वाचा गेली होती ना, मग त्यांनी कागदावर लिहिलं."

"हे त्याने फिनिशमध्ये लिहिलं होतं?"

"मग काय इटालियनमध्ये लिहिणार?" आर्वो म्हणाला. "तुम्हाला माहितीये की काका. तुम्ही फ्लोरिडाहून आलात तेव्हा मीच सांगितलं होतं."

"तू मला इंग्रजीत सांगितलंस!" ओन्नी उभा राहिला. चौऱ्याऐंशीचा माणूस, पण खुर्ची मागे पडली. "तू म्हणालास, बाबांनी मार्ताला लाकडाचा ओंडका दिला. मी म्हटलं, भाऊ भ्रमिष्ट झाला, देव त्याचं भलं करो, आणि गप्प बसलो. मार्ता, तुझ्या हातात काय आहे?"

"दस्ता."

"फिनिशमध्ये काय म्हणतात त्याला? आर्वो, तू सांग. तुला येतं ना फिनिश."

आर्वो गडबडला. "स्टोक्की."

"स्टोक्की! स्टोक्की म्हणजे इंग्रजी 'स्टॉक' शब्दाला फिनिश टोपी घातलेली, गाढवा! तुम्ही पोरांनी बंदुकीचा एक शब्द धड शिकून घेतला नाही. आमचे वडील तिकडून इथे आले, त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, याल्मारीच्याही तोंडी तोच, माझ्याही." त्याने मार्ताच्या हातातल्या लाकडावर बोट टेकवलं. "तुक्की. जंगलात पडलेला तो ओंडका, तो तुक्की. आणि बंदुकीला असतो तो दस्ता, तोही तुक्कीच."

वर्ना हात पुसायचं विसरून पुढे आली.

"म्हणजे..." आर्वोने सुरुवात केली आणि तो तिथेच अडला. लाकूडतोड्याचा मुलगा, लाकूडतोड्याचा नातू. तुक्की म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

"दाखव ती बाजू," ओन्नी म्हणाला. मार्ताने दस्त्याचं टोक त्याच्याकडे केलं. त्याने पेन्सिलीची अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि खाली बसला. खुर्ची नव्हतीच. वर्नाने वेळेवर सरकवली.

"पाच म्हणे! रोमन पाच! व्ही म्हणजे वासेन. वासेन म्हणजे डावा." त्याने डोळे पुसले. "चुकीच्या बाजूला नव्हता कोरत तो. या घरात डावखुरं कोण आहे?"

"आणि सव्वातेरा?" वर्नाने हळूच विचारलं.

मार्ता मात्र भलतंच आठवत उभी होती. शेवटच्या नाताळात ती इथे आली होती. भांडी घासून झाल्यावर याल्मारी घडीची मोजपट्टी घेऊन आला. तिचा डावा हात कोपरात दुमडला, पट्टीचं एक टोक कोपराच्या वळणात टेकवलं, दुसरं बोटाशी नेलं, आणि 'हं' म्हणून निघून गेला. तिला हसू आलं होतं. वीस वर्षं माणसांच्या बाह्या मोजण्यात गेलेली बाई ती. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत मोजतात, म्हाताऱ्याला एवढंही माहीत नाही, असं तिच्या मनात आलं होतं. तरीसुद्धा तिला वाटलं होतं, बाबा कोट घेणार आपल्याला.

तिने पर्समधून शिवणाची टेप काढली. डावा हात तसाच दुमडला.

"वर्ना, धर गं इथे. कोपराच्या आत. हां. आणि आता या बोटापर्यंत, चापावर येतं त्या पेरापर्यंत."

वर्नाने कणकेच्या बोटांनी टेप ताणली. दोनदा वाचली.

"सव्वातेरा इंच," ती म्हणाली. दस्ता मार्ताच्याच हाताच्या मापाचा होता.

मार्ता टेबलाला टेकून उभी राहिली आणि रडली. लपवलं नाही, तोंडावर हात घेतला नाही. नऊ वर्षांचं आणि त्याआधीचं एकोणतीस वर्षांचं, दोन्ही एकदमच आलं. ओन्नी दुसरीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी खाणीत मीही हसलो होतो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असेन. घरी जाताना याल्मारी माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, पोरीने नाक कापलं म्हणून."

"मला सांगायचं ना त्यांनी," मार्ता म्हणाली. "एकदा. फोन करून. पत्र लिहून. 'मार्ता, माझं चुकलं.' किती सोपं होतं!"

"सोपं?" ओन्नी म्हणाला. "आमच्या घरात? त्यापेक्षा त्याला अक्रोड कोरणं सोपं गेलं."

*

आर्वो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. हातात बोल्ट होता. काहीतरी बोलायला हवं होतं आणि या वेळी हातांना कितीही काम दिलं तरी ते आपोआप होणार नव्हतं.

"मी बरोबर त्यांनी लिहिलं तसंच करत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, बापाची शेवटची इच्छा आहे, तर ती पुरी करायची. ओंडका म्हणजे ओंडका. का, कशाला, असं विचारायचं नाही. रस्त्यात दोनदा दोर सैल झाला, दोनदा उतरून आवळला. आणि तुझ्या दारात पोचलो तर... तू दार लावलंस. मला वाटलं, हिला बापाची पर्वा नाही. नऊ वर्षं मी हे मनात धरून बसलो. चुकलं माझं, मार्ता. आणि आज तर मी तो जाळायलाच निघालो होतो."

मार्ताने नाक पुसलं. "दोनदा दोर सैल झाला?"

"एकदा तर पुलावर. मागे बारा गाड्या भोंगे वाजवत होत्या."

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता का रडण्याचा, हे तिलाही कळलं नसावं. वर्नाला मात्र हसू आवरेना. ती भिंतीला टेकून हसत राहिली आणि मग ओन्नीलाही ते लागलं. शेवटी आर्वोही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. ते त्याने कोणाला दिसू दिले नाहीत, निदान त्याला तसं वाटलं.

"टॉवेल हलवू नकोस गं," तो बायकोला म्हणाला. "आणखी अर्धा तास लागेल."

"घे. दोन तास घे. पीठ मी ओट्यावर लाटते."

तपकिरी कागदातला नवा दस्ता त्याने उचलून दारामागे उभा केला. मग त्याने नळी धरली आणि मार्ताने याल्मारीचा दस्ता लोखंडाला लावला. तो 'पक्' करून बसला. तिने बोल्ट आत सोडला.

"आधी बोटांनी फिरव," आर्वो म्हणाला. "आटे लागले की मग स्क्रूड्रायव्हर."

"बोट कसं पोचेल तिथे?"

"बरं, मग स्क्रूड्रायव्हरच, पण हलक्या हाताने. हां. आता घट्ट कर. बास. बास गं! लाकूड चिरेल."

"तू मोजत होतास का आत्ता? मी कपडे शिवते आर्वो, मला ताण कळतो."

लोखंडी पट्टी आली, दोन स्क्रू आले. पेन्सिलीची अक्षरं खाली झाकली गेली. आर्वोने नळी उघडून पुन्हा आत बोट फिरवलं, सवयीने, आणि बंद करून रायफल तिच्यापुढे धरली. चौदाव्या वर्षी ती तिच्या हातातून याच माणसाकडे गेली होती. दोघांनाही ते आठवलं.

मार्ता मागच्या दाराच्या काचेशी गेली. बाहेर अंगण, सौनाची खोपटी, त्यामागे बर्चची झाडं आणि मग जंगल. तिने रायफल डाव्या खांद्याला लावली. तिला मान वाकडी करावी लागली नाही, कोपर ओढून घ्यावं लागलं नाही. गाल आपसूक उंचवट्यावर टेकला, उजवा डोळा मिटला, डावा उघडा राहिला आणि समोरच्या बर्चच्या खोडावर नळीच्या टोकावरची नेमाची माशी अगदी मधोमध उभी राहिली. ती तशीच उभी राहिली. वर्नाच्या हातातलं लाटणं थांबलं. ओन्नीने दातातला खडा चावला नाही.

"कसं वाटतंय?" आर्वोने विचारलं.

मार्ताने गाल लाकडावरून काढला नाही.

"शिकारीचा परवाना देणारं ते दुकान," ती म्हणाली, "आज किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

आर्वो ट्रकच्या किल्ल्या शोधत होता.